दहा पावलांच्या पुढे

१

धोंडबाकाकांच्या निरोपाला सहा आवाज झाले. मी मोजले. मी सगळंच मोजते. त्याबद्दल गणिताच्या बाईंनी यंदा भर वर्गात मला शाबासकी दिली, आणि तेव्हापासून मी पहिल्या बाकावर बसते.

पाच आवाज लाइनीच्या फटाक्यांचे, एक मामाच्या पिस्तुलाचा. मग इंजिन थांबलं, वाफ विरली, आणि बाबांबरोबर लाइनीवर काम करणारे भैयालालकाका रुळाच्या बाजूला गिट्टीवर, खडीत, बसलेले दिसले. हातात झेंडूची माळ तशीच. मला वाटलं, दमले. मग ते आडवे झाले. हनुवटीच्या खाली, गळ्यात, एक छोटंसं भोक होतं. सदरा गुलालानं आधीच लाल झालेला, त्यामुळे रक्त कुठून सुरू होतं ते कळेना.

रेल्वेच्या क्वार्टरात जे राहिले नाहीत त्यांना सांगते. लाइनीचा फटाका म्हणजे बुटपॉलिशच्या डबीहून लहान, चपटी पत्र्याची डबी. आत दारू. दोन पट्ट्या वाकवून ती रुळावर बांधायची. चाक वरून गेलं की धडाम! धुक्यात सिग्नल दिसत नाही, तेव्हा ड्रायव्हरला सावध करायला हे असतात. पण आमच्यात एक रीत आहे. ड्रायव्हर रिटायर झाला की त्याची शेवटची गाडी फटाक्यांवरून नेतात. सलामी असते ती. धोंडबाकाका छत्तीस वर्षं नागपूर-दुर्ग चालले. भिलाईचा कारखाना उभा होत होता तेव्हाचं लोखंड, सिमेंट, रशियन मशिनी, सगळं त्यांनी ओढून आणलं. त्यांना सलामी द्यायची नाही तर कोणाला?

तर भैयालालकाका पडले. आणि सगळ्यांनी एकदमच मान वळवली.

फलाटावर, चाळीस पावलांवर, माझा सख्खा मामा शामराव उभा होता. हात लांब केलेला. हातात पिस्तूल. नळीतून बारीकसा धूर.

कोणी काही विचारायच्या आधीच तो म्हणाला, "मी मारलं त्याले."

२

ते पिस्तूल विकत घ्यायला मीच मामाबरोबर रायपूरला गेले होते. तीनच आठवडे झाले त्याला.

मामा भिलाईजवळ रुआबांध्याला एका ठेकेदाराकडे कामाला होता. दर शनिवारी मजुरांच्या पगाराची पेटी सायकलवर बांधून आणायचा. दोनदा वाटेत माणसं आडवी आली, म्हणून ठेकेदारानं खटपट करून त्याला लायसन काढून दिलं. पिस्तूल मात्र ज्याचं त्यानं घ्यायचं. मामाला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून मी. मी तर नाचतच गेले. दुकानात मी काचेवर कोपरं ठेवून उभी राहिले, जशी काही रोज पिस्तुलं घेते.

दुकानदार ओमप्रकाशजी म्हातारे, कानात केस. मामानं विचारलं, "शंभर पावलांवरचा कावळा पडला पाहिजे, असं दाखवा."

"पैसे कितने हैं?"

"दीडशे."

ओमप्रकाशजी हसले नाहीत. आधी एक काळीशार, तेल लावलेली विलायती रिव्हॉल्व्हर काढून समोर ठेवली. "ये छहसौ. बाहेरून माल येणं बंद आहे, म्हणून छहसौ. तीन साल पहले तीनसौ में देता था." मग खालच्या खणातून फडक्यात बांधलेली एक काढली. "और ये डेढसौ."

दीडशेची पण विलायतीच होती, पण घासून घासून पांढरी पडलेली. गोळ्यांची चकरी त्यांनी बोटानं हलवून दाखवली. खुळखुळ वाजली, लहान मुलांच्या खुळखुळ्यासारखी.

"हे बघा भाऊ," ते म्हणाले, "गिऱ्हाईक सिनेमा पाहून येतात. मी आधीच सांगून टाकतो. चकरी ढिली, म्हणून गोळी सरळ निघणार नाही. चाप जड, म्हणून तुमचा हात उजवीकडे ओढला जाणार. काडतुसं जुनी. तीनात एक फुसकी. निघाली तरी अंगात जोर कमी. खोलीत कोणी अंगावर आलं तर जीव वाचवेल. दस कदम. उसके आगे भगवान."

"आणि सहाशेवालीनं कावळा पडते?"

"छहसौवाली से भी नहीं गिरता. कावळा पिस्तूल नाही पाडत, हात पाडतो. रोज सराव, दोन-तीन वर्षं. करोगे?"

मामानं दीडशे रुपये मोजले. ओमप्रकाशजींनी बिलावर इंग्रजीत एक ओळ जास्तीची लिहिली आणि मला वाचून दाखवायला लावली: खरेदीदारास समजावून सांगितले आहे की दहा पावलांपुढे भरवसा नाही. खाली मामाची सही घेतली.

परत येताना गाडीत मामा म्हणाला, "नले, हे बिल तुह्या पुस्तकात ठेव. अन् कोणाले सांगू नको दीडशेची आहे म्हणून. पेटी लुटणाऱ्याले काय, बिल थोडीच दाखवाचं आहे? त्याले धाक वाटला पाहिजे."

मी ते बिल भूगोलाच्या पुस्तकात, आफ्रिकेच्या नकाशात ठेवलं. मामानं सगळ्या कॉलनीत सांगितलं, सहाशेची आहे.

आणि आता तेच त्याच्या गळ्याशी आलं होतं.

३

शुक्रवारी आई आणि मी पोलीस ठाण्यावर मामाचा डबा घेऊन गेलो. निघताना बाबा म्हणाले, "डब्यात लोणचं टाक. शामरावले आवडते." बाबा म्हणजे दौलतराव, लाइन दुरुस्त करणाऱ्या गँगचे मुकादम. भैयालालकाका त्यांच्याच गँगमधले, अकरा वर्षं. कालपासून बाबांच्या तोंडून निघालेलं ते पहिलं वाक्य होतं.

मला रडू येत नव्हतं. येईल येईल म्हणून मी वाट पाहत होते. सायकलवरच्या मुलांनी घंटा वाजवली तर मी मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही. अंगात कापूस भरल्यासारखं झालं होतं, इतकंच.

ठाणेदार साहेब आईशी चांगलं बोलले. "बाई, शंभर लोकांनी पाहिलं. एक गोळी सुटली आहे, एक माणूस मेला आहे. भांडणही होतं."

"भांडण कायचं, साहेब? चिडवाचा तो त्याले."

हे खरं होतं. भैयालालकाकांना मामाच्या पिस्तुलाचं फार हसू यायचं. त्या दिवशीही खालून, गिट्टीवरून, सगळ्यांना ऐकू जाईल असे ओरडले होते, "शामराव! तुमची सहाशेची राणी लाजून राहिली का? तो पाहा सिग्नलवर कावळा. पाडा ना!" लोक हसले होते. मीही हसले होते.

"छहसौ की पिस्तौल," ठाणेदार साहेब म्हणाले, "चाळीस पावलं. चुकणार कशी?"

मी तोंड उघडलं, पण मामानं गजांच्या आडून माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली.

"दीडशेची आहे, सांग ना त्यांना!" मी दबक्या आवाजात म्हणाले.

"सांगून काय होते? मी कावळ्यावर धरली होती, नले. चाप ओढला, डोळे मिटले. उघडले तं भैयालाल खाली." मामा पोळीचा तुकडा नुसता फिरवत होता. "तो म्हातारा म्हणला होता ना, दहा पावलांच्या पुढं देव? मंग देवानंच नेली गोळी. सोमवारी मॅजिस्ट्रेटपुढं नेऊन राहिले. मी कबूल करून टाकतो. मनात राग होता माह्या. नव्हता असं कसं म्हणू?"

आईनं डब्याचं झाकण लावलं. तिच्यानं नीट बसेना. मी बसवलं.

सोमवार. म्हणजे मध्ये दोन दिवस. एकदा मामानं आपल्या तोंडानं कबूल केलं की मग माझ्या आफ्रिकेच्या नकाशातलं बिल कोणी वाचणार नव्हतं. आणि बिलानं तरी काय सिद्ध होणार होतं? भरवसा नाही म्हणजे लागणारच नाही असं नाही.

मला ती गोळी हवी होती.

४

त्याच दुपारी शाळेत मी म्हटलं पोट दुखतं. खोटं बोलताना माझा आवाज अजिबात कापला नाही.

आधी देवाजींकडे गेले. हे भैयालालकाकांचे साळे, म्हणजे बायकोचे भाऊ, कुरुद गावचे, निरोपाला ढोलक वाजवायला आले होते. त्यांनीच ठाण्यात सांगितलं होतं की शामरावनं नेम धरून मारलं, मी डोळ्यानं पाहिलं.

"काय पाहिजे बे पोरी?" देवाजी ओट्यावर बसले होते, डोकं भादरलेलं.

"देवाजीकाका, तुम्ही ढोलक घेऊन कुठं उभे होते?"

"तुले काय करा लागते? वकील झाली का?"

"झाले नाही. होईन."

ते म्हणाले, "इंजिनच्या पल्याड. खालच्या अंगानं."

"म्हणजे तुमच्या आणि फलाटाच्या मधे इंजिन होतं."

"होतं तं होतं."

"आणि वाफ."

"वाफ होती."

"मग मामाचा नेम कसा दिसला?"

देवाजींनी ढोलकाच्या दोरीशी चाळा सुरू केला. "मी... मंग दिसला ना तो. इंजिनाले वळसा घालून आल्यावर. हात असा लांब. अन् माहा भाटवा खाली. मंग कोणी मारलं? माह्या बहिणीले काय सांगू, असाच मेला म्हणून?" त्यांचा आवाज चढला आणि तसाच मध्येच पडला. "जाय घरी. शामरावची भाची तू. तुले तो निर्दोषच दिसन."

तेही खरं होतं. म्हणून मी ठरवलं, आता मला दिसेल त्यावर नाही, मोजता येईल त्यावरच विश्वास ठेवायचा.

धोंडबाकाका घरी खाटेवर होते. निरोपाची शाल घडी करून उशाशी. शेवटच्या दिवशी इंजिनापुढं माणूस मेला, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं.

"काका, तुम्हाला पिस्तुलाचा आवाज ऐकू आला?"

"इंजिनात मले माह्या बायकोचा आवाज ऐकू येत नाही, पिस्तुलाचा कुठचा?" ते किंचित हसले आणि लगेच थांबले. "फटाके कळतात मात्र. पायाले कळतात. चाकातून वर येते. पण पोरी, तिसरा फटाका काई वेगळाच वाजला."

"वेगळा म्हणजे?"

"बाकीचे कसे, ठोस. धप्प. हा तडकला. कापड फाडावं तसा." त्यांनी बोटं फाकवून दाखवलं. "छत्तीस वर्षांत असा ऐकला नाही."

मी ते वहीत लिहिलं आणि पान उलटलं. मला गोळी शोधायची होती, फटाका नाही.

५

दुर्गच्या दवाखान्यातला कंपाउंडर नत्थू हा माझ्या वर्गातल्या सिंधूचा बाप. शनिवारी शाळा अर्धी असते. मी आणि सिंधू तिच्या बापाचा डबा घेऊन गेलो. सिंधूला मी काही सांगितलं नव्हतं, पण ती म्हणाली, "तू आज डबा धरायला कावून तयार झाली, ते मले कळते."

नत्थूकाका आधी काही बोलेनात. मग पोळी खाताखाता सैल झाले.

"भोक एवढंसं. गळ्यातून आत गेलं, अन् वर, कवटीकडं."

"वर?"

"वर. खालून वर. जसं कोणी उकिडवं बसून मारावं."

माझ्या हातातला पाण्याचा गडू तसाच राहिला. फलाट गिट्टीपासून अडीच फूट उंच. मामा साडेपाच फूट, हात खांद्याच्या उंचीवर लांब धरलेला. भैयालालकाका खाली गिट्टीवर. मामाची गोळी लागली असती तर वरून खाली गेली असती. ही गेली खालून वर.

"आणि गोळी निघाली, ती कशी होती?"

"गोळी कायची? चपटा तुकडा होता, नखाएवढा. हाडाले लागून चपटी झाली, असं ठाणेदार म्हणले. डॉक्टरसाहेबानं कागदावर गोळी लिहिलं नाही मात्र. धातूचा तुकडा, असं लिहिलं. स्पिरिटच्या शिशीत घालून ठेवला, पुढं तपासाले पाठवाचा आहे." त्यांनी बोटं चाटली. "एका कडेले गुलाल चिकटून आहे. लाल."

"अजून आहे?"

"आहे ना. दोन दिवस झाले, स्पिरिटात तसाच लाल."

परत येताना सिंधू बडबडत होती आणि मी हं हं करत होते. होळीला माझ्या पाटीवर गुलाल सांडला होता, तेव्हा बाबांनी स्पिरिटचा बोळा एकदा फिरवला आणि पाटी काळीभोर झाली होती.

दोन दिवस स्पिरिटात राहतो तो गुलाल नसतो.

६

स्टेशनच्या टोकाला इंजिनात पाणी भरायचा नळ आहे, उंच, आणि त्याला हत्तीच्या सोंडेसारखी चामड्याची नळी. गुरुवारपासून ती सोंड गळत होती. आमच्या क्वार्टरातल्या बायांची चंगळ झाली होती. अंजनाबाई तर रोज दोन बादल्या भरून नेत होत्या. मीही जाता-येता पाहिलं होतं. पाहणं आणि दिसणं यात किती फरक असतो!

शनिवारी दुपारी मी तिथं उभी राहिले तेव्हा ते दिसलं. सोंड गुरुवारपासून गळते. गुरुवारच्या आधी नाही.

"अंजनाबाई, धार कुठून येते?"

"वरून येते बाई, एकाच भोकातून. उंदरानं कुरतडली असन."

"एवढ्या वर उंदीर?"

"मंग देवानं पाडलं भोक, आमच्यासाठी! तुले काय, पाण्याले पन्नास पायऱ्या चालली का कदी?"

फिटर फकिराचाचा शिडी लावून सोंड उतरवायलाच आले होते. मी म्हटलं, चाचा, सोंड आतून उलटी करून दाखवा. ते म्हणाले, तेरे को क्या सोना मिलेगा? पण केली. आत, चामड्याच्या घडीत, चिखलात, शिशाचा एक गोळा अडकला होता. बोराच्या बीएवढा. अलीकडची बाजू फोडून आत गेला, पलीकडची फोडायला अंगात जोर उरला नव्हता.

मामा जिथं उभा होता तिथून मी पावलं मोजली. सिग्नलवरचा कावळा समोर. भैयालालकाका डावीकडे. पाण्याची सोंड उजवीकडे, पार उजवीकडे. चाप जड, हात उजवीकडे ओढला जाणार. दीडशे रुपयांत जेवढं मिळतं, बरोबर तेवढंच मामाला मिळालं होतं.

पिस्तुलातून एकच गोळी सुटलेली होती. आणि ती माझ्या तळहातावर होती!

फकिराचाचांना मी म्हटलं, हे तुम्हीच काढलं असं ठाण्यात सांगाल ना? ते माझ्या तोंडाकडे पाहून म्हणाले, बोलूंगा बेटी, खुदा कसम. मी दोन पायऱ्या एकदम उतरून फलाटावरून खाली गिट्टीवर उडी मारली. भैयालालकाका उभे होते त्या जागी उभी राहिले. गळ्याच्या उंचीवरून खाली बघितलं. समोर चार पावलांवर रूळ. रुळावर काळा डाग, जिथं तिसरा फटाका वाजला होता.

उकिडवी बसून गिट्टीत हात घालत गेले. बराच वेळ. नखात माती गेली. मग बोटाला धार लागली. फटाक्याच्या डबीची अर्धी टोपी, फाटलेली, वरून लाल रंग, आणि रंगावर ठशाचे दोन आकडे.

५१.

ते आकडे मी ओळखते. लहानपणी मी अंक काढायला शिकले ते फटाक्यांच्या डब्यांवरचे आकडे गिरवून. एकाच माणसाच्या मांडीवर बसून.

७

बाबा अंगणात खाटेवर बसले होते, समोर त्यांची हत्यारांची पेटी उघडी. आई आत भाकरी थापत होती. मामाचा संध्याकाळचा डबा.

मी सगळं एका दमात सांगितलं. उभी राहून, हात मागं बांधून, वक्तृत्वात सांगते तसं. फलाटाची उंची, खालून वर गेलेली जखम, स्पिरिटात न गेलेला लाल रंग, कापड फाटल्यासारखा तिसरा आवाज, सोंडेतली गोळी. माझा आवाज खणखणीत येत होता, मलाच नवल वाटत होतं. "म्हणून," मी म्हटलं, "भैयालालकाकांना गोळी लागलीच नाही. फटाक्याचा पत्रा उडून लागला. फटाका जुना होता. एक्कावन्न सालचा. आज एकसष्ट चालू आहे."

आतला थापण्याचा आवाज थांबला.

बाबांनी विचारलं, "अन् फटाका कोणी बांधला?"

तिथपर्यंत मी आले नव्हते. म्हणजे आले होते, गिट्टीवरून घरापर्यंत तेवढंच घेऊन आले होते, पण वाक्यात घातलं नव्हतं.

बाबांनी वर्दीच्या खिशातून रुमाल काढला. गाठ सोडली. आत लाल टोपीचा दुसरा अर्धा भाग होता. त्यांनी तो खाटेच्या पट्टीवर ठेवला आणि माझ्याकडे हात केला. मी माझा अर्धा दिला. दोन्ही जोडले. बरोबर बसले. फक्त मध्ये, नखाएवढी, एक जागा रिकामी राहिली.

"कधी सापडला?" मी विचारलं.

"काल सकाळी. लाइन पाहाले गेलतो तवा." ते तुकड्यांकडेच बघत बोलत होते. "गुरुवारी मले बी वाटलं, गोळीच. खरंच वाटलं. फटाक्याचं कोणाच्या मनात येते? जन्म गेला त्याच्यात. सात वर्षं जीव असते फटाक्याले, मंग नष्ट करा लागते. नव्याचा जाब द्या लागते, जुन्याले कोणी विचारत नाही. मी पाच बाजूला ठेवले होते. धोंडबासाठी. पत्रा आतून गंजला असन."

"पन्नास गजांच्या आत कोणी उभं राहायचं नाही. तुम्हीच शिकवलं मला."

"हो."

"मग काका तिथं..."

"मीच म्हटलं त्याले. माळ घेऊन तिथं थांब, इंजिन तिथंच थांबन, धोंडबाच्या गळ्यात तूच घाल. खुश झाला तो."

आई दारात आली होती. हात पिठाचे. ती इतकंच म्हणाली, "काल दुपारी डबा नेला मी. माह्या भावासाठी. तुमाले सकाळीच माहीत होतं. तुम्ही म्हणाले, लोणचं टाक."

बाबांनी मान खाली घातली. "दोन दिवसांपासून म्हणून राहिलो, आज सांगतो. आता सांगतो. तोंड उघडत नाही, दुर्गे."

कोणी रडलं नाही. पेटीत पाना होता, हातोडी होती, पट्ट्या होत्या. मी त्या मोजल्या. सात.

मग बाबा म्हणाले, "नले, दऊत आण. माहं अक्षर चांगलं नाही. तुहं आहे. तू लिही, मी सही करतो. पहिल्या ओळीत हे लिही, भैयालालले तिथं मी उभं केलं. फटाक्याचं मंग."

मी चौकटी पाडलेला कागद घेतला आणि समास आखला. शाळेत शुद्धलेखनाला दहा गुण असतात आणि मला दहा मिळतात. मी लिहिलं. बाबा थांबत थांबत सांगत होते, मी थांबत नव्हते. एकही खाडाखोड झाली नाही.

८

रविवारी सकाळी बाबांनी धुतलेली वर्दी घातली आणि आम्ही दोघं ठाण्यावर गेलो. मी कागद वाचून दाखवला. गोळी, बिल आणि टोपीचे दोन तुकडे टेबलावर ओळीनं ठेवले. ठाणेदार साहेबांनी फकिराचाचांना बोलावलं, आणि शिशीतल्या तुकड्यासाठी दवाखान्यात माणूस पाठवला. तो तुकडा मधल्या जागेत ठेवला तेव्हा साहेब खुर्चीतून उठून उभे राहिले.

"लडकी, तू किस क्लास में है?"

"दहावीत."

"होशियार है," ते म्हणाले. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर, मला नक्की माहीत आहे, अभिमान होता. तो पाहून मला काहीच झालं नाही. नंतर होईल असं वाटलं.

मग देवाजींना निरोप गेला. ते आले, कागद दोनदा वाचून घेतला. बाबांना म्हणाले, "अकरा वर्षं तुमाले दादा म्हणत होता तो." एवढंच. आणि बाहेर जाऊन सायकलच्या टायरवर लाथ मारली. ती सायकल त्यांची नव्हती.

सोमवारी मामाला कबुली द्यावी लागली नाही. मंगळवारी तो घरी आला. दाढी वाढलेली, चपला हातात. पिस्तूल ठाण्यातच राहिलं. तो म्हणाला, परत देतील तरी नको. मी त्याला भूगोलाच्या पुस्तकातली खूण दाखवली, बिलाच्या आकाराचा पिवळा चौकोन, आफ्रिकेवर.

"आता साऱ्यांना कळलं दीडशेची आहे म्हणून," मी म्हटलं.

"कळू दे." तो पाटावर बसला. आईनं ताट वाढलं, लोणचं वाढलं नाही. मामानं पहिला घास उचलला, मग दाराकडे पाहिलं, मग खुंटीकडे, जिथं बाबांची टोपी असते.

"भाऊजी कुठं आहे?" त्याने विचारलं. "ड्यूटीवर?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. बाबांना रविवारीच ठाण्यावरून दुर्गच्या तुरुंगात नेलं होतं, आणि मामाला अजून कोणी सांगितलंच नव्हतं, कोणामुळे सुटला ते.

बाहेरून अंजनाबाई रिकाम्या बादल्या घेऊन परत येत होत्या. सोंड दुरुस्त झाली होती.

"मामा, आधी जेव," मी म्हटलं. "मग सांगते. मला सगळं पाठ आहे."